सख्ख्या भावाची स्लाइड

दादा आधी माझ्याकडं आला नाही. माझ्या मैत्रिणीकडं गेला. हे मला कळलं ते आमच्या दंत महाविद्यालयाच्या जिन्यात, तो गालात कापूस धरून खाली उतरताना दिसला तेव्हा.

"तू इथं काय करतोस?"

"गालातला तुकडा काढलाय तपासायला. म्याडमनी काढवून घेतला," तो तोंडातल्या तोंडात म्हणाला. "घरात बोलू नको इतक्यात."

म्याडम म्हणजे तीच मैत्रीण, माझ्या शेजारच्या टेबलाशी बसणारी. काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून तोंडाच्या रोगाचं निदान करायचं, हे आम्हा दोघींचं काम. ती आजऱ्याची, मी कसबा बावड्याची. दादा बावड्यातच ऊस आणि म्हशी बघतो, आणि कॉलेजात असल्यापासून सुपारी-तंबाखूचा मावा खातो. त्याचा गाल आतून कडक होत चालला होता. तोंडात जेमतेम दोन बोटं जायची. मिसळीचा रस्सा लागला की डोळ्यांतून पाणी. मी किती वर्षं सांगत होते! ओरडून सांगितलं, रडून सांगितलं, पुड्या चुलीत टाकल्या. "तू गप की," एवढंच उत्तर. आणि आता गालात जखम झाली तर हा तिच्याकडं. त्या जिन्यात मला भीती किती वाटली आणि जळफळाट किती झाला, हे मला सांगता येणार नाही.

दादाच्या तुकड्याची स्लाइड तयार झाली तेव्हा मी हात पुढं केला. तिनं ट्रे आपल्याकडं ओढला.

"सख्ख्या भावाची स्लाइड तू बघायची नाहीस."

"या विभागात तुझ्याआधी मी आले."

"म्हणून काय झालं?" ती म्हणाली आणि बघायला बसली. बऱ्याच वेळानं मान वर केली. "कॅन्सर आहे. पण लवकर सापडलाय."

दादाला तिनंच सांगितलं. दोघांना एकदम बघता येतं अशा सूक्ष्मदर्शकाशी त्याला बसवलं. मी दाराशी उभी होते.

"हे गडद पुंजके रोगाचे. आणि त्यांच्याभोवती या लांबट, सुतासारख्या पेशी दिसतात?"

"व्हय. ह्या बी रोगाच्याच?"

"नाही, तुमच्या स्वतःच्या. फायब्रोब्लास्ट म्हणतात. गालाला धरून ठेवणारे धागे विणायचे, जखम झाली की ती भरून काढायची, हे यांचं काम. माव्यातल्या सुपारीनं तुम्ही त्यांना रोज डिवचलं, म्हणून त्या विणतच राहिल्या. तुमचा गाल कडक झाला तो असा. आता कॅन्सरनं यांनाच कामाला लावलंय. त्या त्याला वाढायला मदत करतात, आत सरकायला वाट करून देतात."

"म्हंजे माझ्याच पेशी त्याला मिळाल्या?"

"मिळाल्या."

या पेशींवर तिचा प्रबंध. आमचे सर अजून विद्यार्थ्यांना त्याचा दाखला देतात. माझा प्रबंध कुणाला आठवत नाही. तेही मला खुपायचंच. पण सुपारी, धागे, कडक गाल हे सगळं मी दिवाळीत, घरच्या सगळ्यांसमोर दादाला जवळजवळ याच शब्दांत सांगितलं होतं. तेव्हा तो उठून गोठ्यात गेला होता. आज त्यानं खिशातली पुडी काढून तिच्या टेबलावर ठेवली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

ऑपरेशन झालं. मानेतल्या गाठींत रोग पोचला नव्हता. पुढं तोंड उघडण्याचे व्यायाम आले, दातांत आइस्क्रीमच्या काड्या धरून. दुखायचं, तरी करायचा. "म्याडमनी सांगितलंय." आई तर तिला देवमाणूसच म्हणायला लागली. म्हैस व्याली तेव्हा पहिला खरवस तिच्यासाठी गेला, आणि तो डबा न्यायचा कुणी? मीच.

शेवटी एकदा विचारलंच. "माझ्याकडं का आला नाहीस?"

दादा म्हशीला वैरण टाकत होता. "तू पयलं रडली असतीस. मग माझं दुखणं ऱ्हायलं बाजूला, तुलाच सांभाळत बसलो असतो की. तिच्यापुढं मी निस्ता पेशंट."

खरं होतं ते. पण खरं आहे म्हणून बोचायचं थांबत नाही.

त्यानंतर काही दिवसांनी ती माझ्या टेबलाशी आली. "आजऱ्याला येशील? बाबांच्या तोंडात पांढरा चट्टा आहे. मला बघू देत नाहीत. तंबाखूचं नाव काढलं की माझ्यावरच खेकसतात."

गेले. तिचे बाबा, म्हणजे काका, बाहेरच्या सोप्यात बसले होते. मी म्हटलं, "काका, जरा उजेडात या, तोंड बघू." ते निमूट उठले, दाराशी आले आणि आ केला.

"तुकडा काढायला लागेल, काका."

"कवा येऊ, पोरी?"

ती आत काजूची बशी घेऊन उभी होती. परतीच्या एसटीत उत्तूर गावाजवळ ती माझ्याकडं वळली. मग म्हणाली, "मी मागं लागून दमले. तुझ्यापुढं त्यांनी एका शब्दात तोंड उघडलं." त्या आवाजात काय होतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी तिचा हात धरला. तिनं तो लगेच सोडवून घेतला, तेही मला समजलं.

काकांच्या तुकड्यात कॅन्सर निघाला नाही. तंबाखू सुटून किती दिवस झाले ते काका फोन करून मला सांगतात, तिला नाही. दादा तपासणीची तारीख तिला विचारतो, मला नाही. आम्ही दोघी शेजारी बसून हे निरोप एकमेकींना सांगतो, आणि काकांचा निरोप सांगताना माझा आवाज अजून थोडा फुशारकीनं चढतोच.