दुकानातलाच ड्रेस पाहिजे, पिशवीसकट!

शिवणाच्या मशीनखाली चिंध्या कधी साठतात ते कळत नाही. सकाळी झाडून घेतलेलं असतं, दुपारी बघावं तर पायाला ढीग लागतो. आमच्या शेडमधल्या किश्श्यांचं तसंच आहे. मुद्दाम सांगायला कुणी बसत नाही. चहाला मशीन थांबली की एक निघतो, त्याच्या शेपटाला धरून दुसरा, आणि मास्तर ओरडेपर्यंत सगळ्या बायका बशीतला चहा सांडत हसत असतात. ह्या वर्षीचा सगळा ढीग कमलचा. मला तेव्हा हसू येत नव्हतं, डोकं फिरलं होतं!

आमचं शेड चिखलीत. वर पत्रा, खाली आम्ही बायका. ऑर्डर येईल ते शिवायचं आणि पीसवर पैसे घ्यायचे. कमल माझ्या शेजारच्या मशीनवर बसते. बीडकडची आहे, नवरा वारला, एकच लेक. त्या लेकीला, प्रज्ञाला, हिंजवडीत आयटी कंपनीत नोकरी लागली. शेडमध्ये पेढे वाटले, आणि त्याच दिवशी कमलनं जाहीर केलं, "पोरीच्या अंगाला आजवर दुकानाचं कापड लागलं न्हाई. फ्रॉकपासून कॉलेजपर्यंत समदं मीच शिवलं, तेबी उरल्यासुरल्याचं. नोकरीच्या पहिल्या दिवशी दुकानातलाच ड्रेस पाहिजे. पिशवीसकट!"

आता ही अट आईची. लेकीची अट वेगळी. प्रज्ञा लहान असताना कमल दुसऱ्या एका मोठ्या शेडमध्ये होती, तिथं बाथरूमला गेलं तरी पैसे कापायचे. पोरीनं ते बघितलेलं. ती म्हणाली, "शिवणाऱ्या बाईला जिथं नीट पैसे मिळतात, तिथलाच ड्रेस घालणार. आणि तो नायलॉन-बियलॉन नको, सुती पाहिजे."

आई म्हणते दुकानातला, लेक म्हणते असलं दुकान दाखव, आणि खर्चायला फक्त कमलची भिशी. ह्या दोघींच्या मध्ये कोण? मी! कारण स्कूटर माझ्याकडे आहे.

* * *

पहिला नंबर पिंपरीच्या बाजाराचा.

दुकानात शिरलो. मी आणि कमल सवयीनं ड्रेस हातात घेतला की आधी उलटा करतो. आत ओव्हरलॉक केलंय का, शिवणीला कापडाचा दाब किती सोडलाय, शिवण ओढून बघायची. चारपाच ड्रेस असे उलटेपालटे केले. दुकानदार गल्ल्यावरून म्हणाला, "वहिनी, तो दुसऱ्या बाजूनं घालतात."

मी त्याला काही बोलणार, तेवढ्यात प्रज्ञानं विचारलं, "काका, हे कुणी शिवलंय?"

"कंपनीनं."

"कंपनीत कुणी? त्यांना एका पीसला किती मिळतं?"

त्यानं चष्मा काढला. पोरीकडे बघितलं, मग आमच्याकडे बघितलं. म्हणाला, "बाळ, तुला ड्रेस घ्यायचाय का शिवणाऱ्याशी सोयरीक जुळवायचीय?"

* * *

मग मॉल. मॉलमध्ये म्हणे असले कपडे वेगळे ठेवलेले असतात, टॅगवर हिरवं पान छापलेलं असतं. सापडलं एकदाचं. कापड मऊ, रंग झकास, आणि सेल लागलेला म्हणून भिशीत बसणारा! मी मनात म्हटलं, सुटले.

प्रज्ञा टॅग वाचत होती. तिचं तोंड उतरलं.

"काय झालं गं?"

"मावशी, हा प्लास्टिकच्या जुन्या बाटल्यांपासून बनवलाय."

कमलनं ड्रेसचा वास घेऊन बघितला. तिथली पोरगी लगेच पुढं आली, "मॅम, ह्यानं पर्यावरणाचं रक्षण होतं. बाटल्या कचऱ्यात जात नाहीत."

कमल म्हणाली, "बाई, कचऱ्याची गाडी सकाळी माझ्या दारात येती. मी बाटल्या तिला फुकट देते. त्याच मी आता पैसे देऊन घेऊ, आन् लेकीला घालू?"

पोरगी म्हणाली, "पण मॅम, खूप सॉफ्ट आहे."

"बाटलीबी सॉफ्टच व्हती!"

* * *

मग मी एक डोकं लढवलं. मोठ्या सोसायट्यांतल्या बायका एकदाच घातलेले भारी भारी कपडे बोहारणीला देतात. ती बदल्यात त्यांना स्टीलची भांडी देते. म्हणजे चांगला सुती ड्रेस आहे कुणाकडे? बोहारणीकडे! नवीन शिवायची गरज नाही, कुणाचे पैसे कापायची भानगड नाही. प्रज्ञाला पटलं. कमलला पटलं नाही, पण तिचं मी ऐकतेय होय!

बोहारीण आमच्या गल्लीत आली. टोपलीत तिची भांडी, पाठीला कपड्यांचं गाठोडं. मी घरातून एक पातेलं आणलं आणि म्हटलं, "हे घ्या, आणि गाठोड्यातला तो निळा कुर्ता द्या."

ती बघतच राहिली. "अवं, कापडं तुमी द्यायची, भांडी मी द्यायची!"

"आज उलटं करू."

"धंदा उलटा करताय व्हय माजा?"

तरी बसली खाली. पातेलं हातात घेतलं. गेली कित्येक वर्षं ती माझ्या साड्या जशा बघते, अगदी तसंच बघितलं. उजेडात धरलं. बुडाला टिचकी मारली. काठावरनं बोट फिरवलं. नाक मुरडलं आणि म्हणाली, "जुनं हाय. बुडाला पोचा हाय. ह्यात रुमाल यील!"

* * *

नंतर ऑनलाइन. प्रज्ञानं शोधून शोधून एक कुर्ता मागवला. शंभर टक्के सुती, शिवणाऱ्या बायकांना पूर्ण पगार, असं तिथं लिहिलेलं. निम्मी भिशी त्यात गेली. आला. छान होता. पण कमलच्या मनात पाल चुकचुकली.

आमच्यात एक रीत आहे. कापड सुती का नकली हे बघायचं तर धागा जाळायचा. सुती असेल तर राख होते, नकली असेल तर वितळून गोळी होते. कमलनं दोरा ओढला, गॅसवर धरला. गोळी झाली! हिचं रक्त तापलं. खात्री करायला दुसरा दोरा. तो कुर्त्यातून न काढताच पेटवला! वाटीएवढं भोक.

मी धावत गेले. बघते तर काय, हिनं शिवणीचा दोरा जाळलेला! शिवणीचा दोरा कुठल्याही कुर्त्याला नकलीच असतो, रोज आम्ही तोच वापरतो. कापड खरंच सुती होतं. मी म्हटलं, "कमल, तुझ्या हाताला काय झालं होतं?" प्रज्ञा म्हणाली, "असू दे, रफू करून घालीन." कमलनं असे डोळे वटारले की पोरगी आत निघून गेली.

तरी हिनं कुर्ता परत करायला फोन लावलाच. स्पीकरवर.

"मॅम, फोटोत प्रॉडक्ट जळालेलं दिसतंय. तुम्हाला असंच मिळालं का?"

"न्हाई."

"मग प्रॉडक्टला घरी आग लागली होती का?"

कमलला खोटं बोलता येत नाही, हेच तिचं वाटोळं. म्हणाली, "लागली नव्हती हो. मी लावली!"

* * *

भिशी निम्मी उरली. प्रज्ञाची एक मैत्रीण मारुंजीला भाड्यानं राहते. तिथल्या आयटीतल्या पोरींनी कपड्यांची अदलाबदल ठेवलेली. पैसे नाहीत, एक कपडा ठेवा, एक उचला. थंडीत सकाळी सकाळी स्कूटरवरून जायचं, म्हणून मी आमच्या माणसाचं कंपनीचं जॅकेट घातलं. तो चाकणला कंपनीत आहे, कॉन्ट्रॅक्टवर. करड्या रंगाचं जाड जॅकेट, कोपराला ऑइलचा डाग.

आत गेल्यावर मी ते खुर्चीवर टाकलं आणि चहा घेत बसले. मला काय माहीत, त्या खुर्चीवरचं सगळं अदलाबदलीचं होतं!

उठून बघते तर जॅकेट गायब. एक पोरगी ते घालून आरशापुढं फोटो काढून, कधीच निघून गेलेली. "आँटी, किती ऑथेंटिक पीस दिलात तुम्ही!" बाकीच्या म्हणाल्या, आणि माझ्या हातात एक ब्लाउज ठेवला. त्याला खांदेच नव्हते. प्रज्ञाला एक बरा कुर्ता मिळाला होता, पण कमलनं तो दारातच परत ठेवला. "पयल्या दिवशी दुसऱ्याच्या घामाचं नको."

दुपारी आमचा माणूस सेकंड शिफ्टला निघाला. "जॅकेट कुठाय?"

सांगितलं. मला वाटलं आता घर डोक्यावर घेणार. तो उंबऱ्यात थांबला, बुटाची नाडी बांधली. मग म्हणाला, "म्हंजे बघ, माझं जॅकेट आयटीत लागलं, आणि मी अजून कॉन्ट्रॅक्टवरच!"

* * *

सोमवारी प्रज्ञाचं जॉइनिंग. शनिवार उजाडला तरी ड्रेस नाही. मी कमलला म्हटलं, "आजच्या आज दोघी बसू, असा कुर्ता शिवू की बघत राहतील." तिनं मान हलवली. नाही म्हणजे नाही. डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मी शिव्या गिळल्या आणि स्कूटर काढली.

चिंचवडला एका हॉलमध्ये असल्याच कपड्यांचं प्रदर्शन होतं. एसी, मंद गाणी, मातीच्या कुंड्या. धुळीचा रस्ता तुडवून गेलेलो, आमच्या दोघींच्या तोंडाला स्कार्फ बांधलेले तसेच. प्रज्ञा पुढं.

एका स्टॉलवर तिला कुर्ता आवडला. हिरवा, सुती, साधा. अंगाला लावला तर पोरगी साहेबीण दिसायला लागली. कमलनं सवयीनं तो उलटा केला आणि शिवणीवर बोट ठेवून तशीच उभी राहिली. मीही बघितलं. दिवाळीआधी आमच्याच शेडमध्ये ही ऑर्डर आली होती. तेव्हा एक मॅडम येऊन आमचे फोटो काढून गेल्या होत्या. कशाला, ते कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

प्रज्ञानं टॅग उघडला. आत फोटो. मशीनवर बसलेली, हसणारी कमल! खाली लिहिलेलं, "ही कमल. तुमचा कुर्ता हिनं प्रेमानं शिवलाय. हिला कष्टाचा योग्य मोबदला मिळतो."

पलीकडच्या बाजूला किंमत. कमलची अख्खी भिशी, जळालेल्या कुर्त्यात गेलेली निम्मीसुद्धा, धरली तरी पुरली नसती, वर माझ्याकडून उसने लागले असते.

प्रज्ञा काहीतरी बोलणार, तोच कमलनं तिला चिमटा काढला. स्टॉलवरच्या मुलीला म्हणाली, "ताई, काय कमी करता का?"

मुलगी गोड होती, रागावली नाही. समजावून सांगायला लागली. "मावशी, इथं बार्गेनिंग नसतं. आपण कमी करायला सांगतो ना, ते कुणाच्या तरी पोटातून जातं. ह्या ताईंकडे बघा." तिनं टॅगवरच्या फोटोवर बोट ठेवलं. "ह्यांनाही घर आहे, मुलंबाळं आहेत. त्यांचा विचार करा ना जरा."

कमलनं टॅग हातात घेतला. लांब धरला, जवळ धरला. स्कार्फच्या आतून म्हणाली, "हिला मी वळखते. ही एवढं घेत न्हाई."