ताईनं माफ केलं नव्हतं

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गुरुग्रामला ऑफिसात होतो. मेंदूत रक्तस्राव झाला, तासाभरात सगळं संपलं. रडू नंतर आलं. आधी संताप आला... नोएडाच्या तिच्या सोसायटीतल्या एका माणसाचा.

तीन वर्षांपूर्वी भाऊजींच्या छातीत कळा आल्या. फौजेतून निवृत्त झालेला धडधाकट माणूस. त्यांना अँब्युलन्समध्ये ठेवलं, पण तेवढ्यात ताईच्या समोरच्या फ्लॅटमधला शेजारी अँब्युलन्सच्या मागं आपली गाडी आडवी लावून वर निघून गेला होता. ताई धावत जाऊन त्याचं दार बडवत राहिली. आतून आवाज आला, "नहा के आता हूँ." तो खाली आला तोवर भाऊजी गेले होते. चौकीतला हवालदार म्हणाला, "गाड़ी खड़ी करना कोई क़त्ल है?" बाल्कनीतून ज्यांनी सगळं पाहिलं होतं, त्यातल्या एकानंही साक्षीची सही दिली नाही. मी हॉकी स्टिक घेऊन निघालो, तर ताईच आडवी आली. "तू तुरुंगात गेलास तर मी कुणाकडं बघायचं?"

गेल्या हिवाळ्यात त्या शेजाऱ्याची आई घरी एकटी असताना कोसळली. कामवाली ताईच्या दाराची बेल वाजवत सुटली. ताई मिलिटरी हॉस्पिटलातली निवृत्त नर्स, काय करायचं ते तिला पक्कं ठाऊक. पण ती कडीवर हात ठेवून नुसती उभी राहिली... नंतर मला म्हणाली, "खरं सांगू? वाटलं, आपणही म्हणावं, नहा के आती हूँ. ओठांवर आलं होतं रे." मग तिनं दार उघडलं. म्हातारी वाचली. शेजाऱ्यानं मिठाईचा डबा पाठवला, तो ताईनं न उघडताच कचऱ्यात टाकला. "मी म्हातारीला वाचवलं. त्याला सोडलेलं नाही."

शोकसभेत हाच माणूस माइक धरून म्हणाला, "दीदी ने हमें माफ़ कर दिया था." लोक माना डोलवू लागले. मी उभा राहिलो. "नहीं किया था. आपने एक बार भी माफ़ी माँगी थी?" कुणीतरी माझी बाही ओढली, "जाने दो यार, मौका देखो." तीन वर्षं हेच ऐकतोय.

परवा ताईचं कपाट आवरलं. साड्यांखाली एक फाइल निघाली. त्या शेजाऱ्याविरुद्ध दर महिन्याला चौकीत दिलेल्या तक्रार अर्जांच्या प्रती, तिच्या टपोऱ्या अक्षरात. मला कधी बोलली नव्हती. या महिन्याचा अर्जही लिहून तयार होता, फक्त सही राहिली होती.

ती मी माझ्या नावानं केली, आणि अर्ज चौकीत देऊन आलो.