माशी घासू नका

माझे यजमान गेले तेव्हा आमची बंदूक घरात नव्हती. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, तशी ती जमा होती. मतमोजणी होऊन ती सुटायच्या आतच हे गेले. मुलगा आधी बोटीवर इंजिनियर होता, आता सिंगापूरच्या बंदरात नोकरीला आहे. दिवसकार्य उरकल्यावर तो मला इकडे घेऊन आला. बंदूक पुढे कधीतरी सुटली आणि परवाना माझ्या धाकट्या दिरांच्या नावावर झाला. परत आलेली ती मी पाहिलेली नाही.

ठासणीची बंदूक ती. काडतूस नाही, काही नाही. प्रत्येक बार हाताने भरायचा. नळीत आधी दारू, तिच्यावर काथ्याचा बोळा, मग शिशाची गोळी, वर पुन्हा बोळा, आणि लांब लोखंडी गजाने ते ठासायचं. ठिणगी देणारी टोपी घोड्याखाली लावायची ती अगदी शेवटी. नळीच्या टोकाला पितळेचा बारका दाणा असतो, त्याला आमच्याकडे माशी म्हणतात. नेम धरायचा तो तिच्यावरून. आमच्या बंदुकीची माशी नळीला कायमची डाक देऊन बसवलेली. ती वरखाली होत नाही. हे म्हणायचे, माशी हलत नाही म्हणून आपण हलायचं. म्हणजे बार असा भरायचा की माशी दाखवते तिथेच गोळी जाईल. लग्न होऊन मी आले तेव्हापासून ह्यांना मी बार जुळवताना बघत होते. दुकानातून नवी दारू आणली की पुन्हा सगळं पहिल्यापासून. एका वेळी एकच गोष्ट बदलायचे. दोन बदलल्या तर कशाने काय झालं ते कळत नाही म्हणायचे.

एवढा नेम कशाला, तर आमच्या काजूच्या बागेत येणाऱ्या माकडांसाठी. मारायला नाही. माकड मारुतीचं, आणि माद्यांच्या पोटाशी पोर असतं. माकड बसलेल्या फांदीच्या बुडाशी हे गोळी घालायचे. फांदी कडाडली की सगळा कळप पलीकडच्या डोंगरावर. काजू वाचायचे, माकडंही वाचायची. बोळे मी करायची. तेवढंच माझं काम.

मध्यंतरी एका रविवारी दिरांचा फोन आला. नातीने व्हिडिओ लावून दिला. दीर पडवीत बसलेले, बंदूक मांडीवर. मला बंदुकीचा दस्ता तेवढा दिसत होता.

"वयनी, गोळी खाली पडता. कधी खाली उजवीकडे, कधी खाली डावीकडे. बाजाराच्या दिवशी लोहाराकडे नेतंय. माशी वायच घासून घेतंय, मगे गोळी वर येतली."

एकदा घासलेली माशी परत वाढत नाही. ह्यांनी जन्मभर त्या माशीशी जुळवून घेतलं, तिला कधी कानस लावली नाही. मला इथे राहून गावचं काहीच राखता येत नाही. घराला कुलूप आहे, काजू दीर बघतात. एवढी एक गोष्ट जशीच्या तशी राहावी असं फार वाटलं. मी सहसा कुणाला नको म्हणत नाही. त्या दिवशी म्हटलं, "भावजी, माशीक हात लावू नका."

"मगे काय माझे डोळे घासू?"

मागून जाऊबाई ओरडल्या, "घासा, घासा! डोळे नाय तर अक्कल तरी घासा."

मी विचारलं, बोळा कशाचा घालता? दीर म्हणाले, पेपराचा. तेव्हा मला कळलं. कागद नळीला घट्ट बसत नाही, कडेने धूर निसटतो, आणि गोळीला जोर मिळत नाही. मग ती खाली पडते आणि दर वेळी वेगळीकडे पडते. मी म्हटलं, दारू आहे तेवढीच राहू दे, तिला हात लावू नका. फक्त बोळा काथ्याचा घाला, आणि येत्या रविवारपर्यंत लोहाराकडे जाऊ नका.

जाऊबाई म्हणाल्या, "ताई, तुमच्या हातचो बोळो माका खंय जमतलो? केवढो करूचो, कसो वळूचो, सांगा तरी."

तिथेच माझं अडलं. मला ते सांगता येईना. हाताला येतं, तोंडाला येत नाही. करून दाखवायचं तर काथ्या हवा. खाली हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांवर, शहाळी मिळतात, पण कोवळ्या नारळाच्या सोडणाला कसला काथ्या! मग दारापुढचं पायपुसणं आठवलं. ते काथ्याचंच होतं. मी त्याचा कोपरा उसवला, मूठभर धागे काढले, चोळून मऊ केले, तळव्यावर गोल गोल वळले. नात फोन धरून उभी. बोळा तयार झाला तेव्हा मीच बघत राहिले. इतकी वर्षं केला नव्हता, तरी हाताने माप बरोबर धरलं होतं. जाऊबाईंनी तिकडे तसाच वळून फोनला दाखवला. मी म्हटलं, थोडा मोठा करा, बोटाने ढकलून सहज आत जाता कामा नये.

संध्याकाळी सून कामावरून आली. नोव्हेना भागातल्या इस्पितळात असते ती. दारातच थांबली.

"आई, पायपुसण्याला काय झालं? उंदीर आला की काय घरात?"

"आज्जी मेड अ बुलेट," नात म्हणाली.

मुलगा आतून धावत आला. "हळू बोल! आई, तुला किती वेळा सांगितलं, लिफ्टमध्ये, खाली, कुठेही बंदूक हा शब्द काढू नकोस. इथे कायदा फार कडक आहे."

"गावची बंदूक रे," मी म्हटलं.

"शेजाऱ्यांना काय माहीत कुठली!"

मग तोच हसला. म्हणाला, बाबांनी मला कधी हात लावू दिला नाही तिला.

पुढच्या रविवारी दिरांनी बागेत खोक्याचा पुठ्ठा टांगला, त्यावर कोळशाने गोल काढला. फोन जाऊबाईंच्या हातात. मी सकाळपासून त्या आवाजाची वाट बघत होते. खरं सांगायचं तर पुठ्ठ्यापेक्षा आवाजाचीच. दिरांनी बंदूक खांद्याला लावली, धूर निघाला, कावळे उडाले. आवाज आलाच नाही. फोन क्षणभर मुका झाला आणि मग कावळेच ऐकू आले.

"फोनला वाटतं तो नॉइज आहे, आज्जी. सो इट कट्स, लाह," नात इथल्या पोरांसारखी म्हणाली.

दिरांनी आणखी दोन बार काढले, दोन्ही वेळा तसंच. मग जाऊबाईंनी पुठ्ठा जवळ आणला. भोकं आता एकमेकांना लागून होती, पण गोलाच्या खाली.

"एका जाग्यार इली गे वयनी! आता वायच माशी घासली की झाला," दीर म्हणाले. त्यांच्या आवाजात असा आनंद होता की मला नाही म्हणणं जड गेलं. एकत्र आलेली भोकं म्हणजे अर्धं काम झालं, हे ते बरोबरच म्हणत होते. पण खाली का, ते मला कळेना. बोळा बरोबर होता. दारू ह्यांच्याच मापाने घेतली होती. मी म्हटलं, "भावजी, एक बार भरा. मी नुसती बघतंय."

त्यांनी भरायला घेतलं. गज नळीत घातला आणि हळूहळू दाबला, झोपलेल्या पोराच्या अंगावर पांघरूण घालावं तसा. असा सैल बार, गोळीला जोर कुठून येणार!

"असे भियताय कित्याक?"

"भियतंय नाय तर काय करू! खाली दारू आसा, वयनी."

"टोपी लावल्याबगर ती पेटत नाय. तोंड बाजूक करा आणि ठासा. गज उडी मारीसर ठासा."

दिरांनी तोंड वळवलं आणि गज मारला. भस्, भस् असा बसका आवाज आला. मग तो आवाज आखूड होत गेला. आणि मग गज त्यांच्या मुठीत उसळला आणि वाजला. टण्. फोनने तो आवाज कापला नाही.

हे मागच्या पडवीत बार भरायचे आणि मी चुलीपुढे असायची. मधे भिंत. ह्यांचा चेहरा दिसायचा नाही, पण ते टण् झालं की मला कळायचं, आता उठतील, आता बागेत जातील. मी मुलाला मांडीवर घेऊन त्याचे कान झाकायची. त्या रविवारी सिंगापूरच्या स्वयंपाकघरात माझे हात आपोआप उठले. मुलगा समोर टेबलाशी चहा पीत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हात खाली घेतले.

तिकडे धूर निघाला. फोन पुन्हा मुका झाला. जाऊबाई पुठ्ठ्याकडे पळाल्या, चित्र नुसतं हलत होतं, गवत, आकाश, त्यांचा पदर. मग गोल दिसला. भोक गोलाच्या आत होतं.

"वयनी!" दीर ओरडले. "माशी दाखयता थयच! आता लोहार नको नि कोण नको."

"घासूची नाय ना?"

"मेलो तरी नाय."

पुढच्या रविवारी जेवणं झाली तरी मी स्वयंपाकघरातच होते. मुलगा आला, म्हणाला, "काकांचा फोन नाही आला आज?"

"कशाला येईल?" मी म्हटलं. "आता बरोबर लागतंय सगळं."

तो खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "बाबा बार कसा भरायचे, सांग मला."