नगावर मिळणारं इंग्रजी

काळाचौकीपासून माझगावच्या गोदीपर्यंत माझ्या ताईच्या सासऱ्यांइतकं, म्हणजे आबांइतकं, इंग्रजी कोणालाच येत नाही. ज्यांना येतं असं आपल्याला वाटतं, त्यांना ते येत नाही हे आबांनी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. त्यात एक बँक मॅनेजर आहेत, दोन वकील आहेत आणि मी आहे. मी लालबागला राहतो, म्हणजे आबांच्या काळाचौकीच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. पण सुनेचा भाऊ असल्यामुळे गेली बारा वर्षं ते मला "पाहुणे" म्हणतात, पंख्याखालची खुर्ची देतात आणि चहा यायच्या आत माझं इंग्रजी तपासून घेतात.

हे इंग्रजी त्यांनी शाळेत मिळवलेलं नाही. माझगावला जहाजदुरुस्तीच्या एका कारखान्यात ते जन्मभर स्टोअरकीपर होते आणि स्टोअरच्या रजिस्टरात जी भाषा असते तिलाच ते इंग्रजी समजतात. त्या रजिस्टरात बोल्ट असतात, वॉशर असतात, रंगाचे डबे असतात. कोणी कुठे जात नाही, येत नाही, कोणी कोणावर रुसत नाही. त्यामुळे आबांचं सगळं इंग्रजी नामांचं. पण त्या नामांवर त्यांची अशी हुकमत, की आपण तोंड उघडायलाच घाबरावं. त्यांचा पहिला नियम असा, की जी वस्तू नगावर मिळते तिला अनेकवचनात 'एस' लागतो, आणि जी वजनावर किंवा मापावर मिळते तिला लागत नाही. मी एकदा बोलता बोलता "थोड्या इन्फर्मेशन्स पाहिजे होत्या" असं म्हणून बसलो. आबांनी चष्मा कपाळावर चढवला. "इन्फर्मेशन नगावर मिळते काय, पाहुणे? ती बॅरलमधली. ऑइलसारखी. भांडं घेऊन या, मग देतो."

हे घरात चाललं असतं तरी ठीक होतं. लालबागला एका दुकानाच्या पाटीवर 'फर्निचर्स' लिहिलेलं पाहून आबा तडक आत शिरले आणि म्हणाले, "एक फर्निचर द्या." दुकानदार बिचारा टेबल दाखवू लागला, कपाट दाखवू लागला. आबांचं एकच, "हे टेबल झालं. ते कपाट झालं. मला एक फर्निचर पाहिजे. पाटीवर 'एस' लावलाय म्हणजे नगावर मिळत असणार ना?" अर्ध्या तासाने दुकानदाराने त्यांना थंडा पाजला, हात जोडले आणि पाटी होती तशीच ठेवली. आबा मात्र त्या फुटपाथने पुन्हा गेले नाहीत. आजही बाजारात जाताना ते तेवढ्यासाठी रस्ता ओलांडतात.

बाकीचं व्याकरणही त्यांनी असंच कारखान्यातून आणलेलं आहे. 'फूट'चं 'फीट' आणि 'टूथ'चं 'टीथ' का होतं, 'एस' का लागत नाही, असं कोणी विचारलं तर ते म्हणतात, "जुने पर्मनंट कामगार आहेत ते. नवीन नियम त्यांना लागू नाय. 'एस' लागतो तो मागून आलेल्यांना." 'टूथब्रश'मध्ये दात एकच का, तोंडात तर चांगले बत्तीस असतात, असं मी खोडसाळपणे विचारलं होतं. त्यावर उत्तर तयार होतं. "जे नाम दुसऱ्या नामाच्या पुढे उभं राहून त्याचं काम करतं ते हेल्पर. हेल्परला 'एस' देत नसतात." आणि एकच शब्द कधी नाम होतो, कधी क्रियापद, याचं तर त्यांनी सोनं केलं होतं. हॅमर कपाटात आहे तोवर नाम, ड्यूटीवर गेला की क्रियापद. एवढं सांगून ते थोडे उदास होत. त्यांच्या मते क्रियापद ही नामाची झालेली नासधूस होती, कारण स्टोअरबाहेर गेलेली एकही वस्तू त्यांच्याकडे धड परत आली नव्हती.

दर रविवारी इमारतीखालच्या विहारात वंदना झाली की त्याच सतरंजीवर आबांचा फुकट वर्ग भरे. पोरं असत, त्यांच्या आया असत, एक-दोन रिटायर झालेली मंडळीही असत. तिथेही स्टोअरचाच कायदा. जुनं जमा केल्याशिवाय नवं मिळायचं नाही. मागच्या रविवारी नेलेला शब्द आठवडाभर वापरला, कुठे वापरला, हे आधी सांगायचं, मग नवा शब्द चिठ्ठीवर लिहून मिळणार, खाली घेणाऱ्याची सही. एका बाईंनी नेलेला 'अम्ब्रेला' मे महिन्यात वापरायचा कुठे म्हणून तीन आठवडे जमा केला नाही, तर त्यांना तीन आठवडे कोरडं बसवलं. माई, म्हणजे ताईच्या सासूबाई, वरच्या गॅलरीतून हे सगळं ऐकत तांदूळ निवडत असायच्या. मला म्हणाल्या, "ह्यांच्या इंग्रजीत कोन काय करतच नाय रे. नुस्त्या वस्तू पडल्यात."

ताई आणि दाजी कॅनडाला गेले आणि तिकडेच यशूचा जन्म झाला. यशू म्हणजे आबांची एकुलती एक नात आणि माझी एकुलती एक भाची. ती आता सहा वर्षांची आहे आणि झोपेतही इंग्रजीच बोलते. ताईने मराठी शिकवायचा प्रयत्न केला, पण दोघंही नोकरीवाले, पोरगी दिवसभर पाळणाघरात. शेवटी भाषा उरली ती "पाणी", "बस" आणि "नको" एवढीच. रविवारी व्हिडिओ कॉल लागला की आबा फोनसमोर एकेक वस्तू धरत. "स्पून." "कप." "टॉर्च." यशू गुणी पोरीसारखी "येस" म्हणे. एका रविवारी तिने बाजूला वळून आईला इंग्रजीत हळूच विचारलं, "आजोबा मला चमचा का दाखवतायत?"

नेमकं हेच वाक्य आबांना पुरतं कळलं. ते हसले. चमचा खाली ठेवला, फोन माईंच्या हातात दिला आणि पाणी प्यायला उठले. मी तिथेच बसलो होतो. मला त्यांच्याकडे बघवेना.

त्यानंतर ताईने सुट्टीत तीन आठवडे येत असल्याचं कळवलं. एका दुपारी मी मिक्सर दुरुस्तीला द्यायला दादरला गेलो होतो. स्टेशनजवळच्या एका इमारतीच्या जिन्यावरून कॉलेजची पोरंपोरी खाली येत होती आणि त्यांच्यामागून, कठडा धरून, बगलेत वही घेतलेले आबा. वर स्पोकन इंग्लिशचा क्लास होता. मला पाहून त्यांनी वही पाठीमागे नेली.

"पाहुणे, घरी बोलू नका. माई जन्मभर हसंल."

"आबा, तुम्ही? क्लासला?"

"क्रियापदं शिकतोय." वर क्लासमध्ये आवरून धरलेलं त्यांना बहुतेक आत्ता आवरेना. "लय बेशिस्त लोक हो. गो, वेन्ट, गॉन. हा वेन्ट आला कुठून? कोणी भरती केला त्याला?" मी हसलो, तशी त्यांनी वही पुन्हा बगलेत घेतली. मग म्हणाले, "पोरीशी बोलायचंय मला. चमचा दाखवून काय बोलणार? तीन आठवडे आहेत. परत कधी येईल, तेव्हा मी असेन-नसेन."

आबांनी बारा वाक्यं पाठ केली. यशू घरात आली तेव्हा ते दारात शर्टाची वरची गुंडी लावून उभे होते. कोर्टात साक्ष द्यावी तशी त्यांनी पहिली दोन वाक्यं दिली. प्रवास कसा झाला, झोप लागली का. यशूने एका श्वासात केवढं तरी सांगितलं आणि शेवटी काहीतरी विचारलं. आबांना त्यातलं अक्षर कळलं नव्हतं. ते ठामपणे म्हणाले, "येस." तिने विचारलं होतं, गॅलरीतलं मांजर माझ्या गादीवर झोपलं तर चालेल का. स्टोअरकीपरने दिलेला शब्द म्हणजे इश्यू झालेला माल, सहीनिशी दिलेला, तो मागे घेता येत नाही. मांजर तीन आठवडे गादीवर झोपलं, आणि माईंनी तीन आठवडे आबांशी भांडण केलं.

बारा वाक्यं दुसऱ्या दिवशीच संपली. पुढे आबा नुसते तिच्या शेजारी बसत. ती चित्रं काढी, हे पेन्सिलीला टोक करून देत. ती मला येऊन काही काही सांगे, मी आबांना मराठीत सांगे, आणि माझ्यामार्फत नात ऐकावी लागते याचं त्यांना मनापासून वाईट वाटे. मलाही वाटे.

जायच्या दिवशी सकाळी टॅक्सी खाली उभी राहिली. बॅगा चढल्या. आबांनी खिशातून कागद काढला. क्लासच्या सरांकडून तपासून घेतलेला इंग्रजी निरोप. उघडला, वाचला, घडी घालून परत खिशात ठेवला. मग गुडघे धरत ते यशूसमोर उकिडवे बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी काळाचौकीच्या भाषेत बोलू लागले.

"ये यशू, नीट जेवत जा. पानात टाकायचं नाय. आईला तरास देऊ नको, बापाला दे, त्याने मला लय दिलाय. थंडीत कान झाकायचे. कोन मारायला आलं तर रडत घरी यायचं नाय, पन आपन पहिला हात उचलायचा नाय. रात्री भ्या वाटलं तर आईला उठवायचं. आनि मोठी झालीस की ये. मी बसलोय हितं. कुठं जात नाय मी."

ताई मध्येच इंग्रजीत सांगायला लागली, तर आबांनी हात वर केला. "थांब सूनबाई. आमचं चाललंय." यशू हालली नाही. त्यांच्या तोंडाकडे बघत तिने सगळं ऐकलं आणि शेवटी त्यांच्या गालावर हात ठेवला.

पुढच्या रविवारी मी आबांकडेच होतो. कॉल लागला. आबा केस विंचरून बसले होते, हातात फोन सोडून वस्तू कुठलीच नव्हती. यशू पडद्यावर आली आणि आईकडे वळून भराभरा काही बोलली. ताई हसून म्हणाली, "आबा, ती म्हणते, टॅक्सीजवळ बोललात तसं परत बोला. कळत नाही, पण बोला म्हणते."

अख्ख्या लालबागचं इंग्रजी तपासणाऱ्या माणसाला तेव्हा मराठीसुद्धा सुचेना. त्यांनी तोंड फिरवलं, हातातला फोन कलला, आणि कॅनडात माझी भाची बराच वेळ काळाचौकीच्या घरातला फिरणारा पंखा बघत, आजोबा बोलायची वाट पाहत बसली.