लागलेलं दही

सावनेरच्या स्टँडवर बाबांनी सुतारकामाच्या हत्यारांची थैली माझ्या खांद्यावर चढवली आणि बस हलेपर्यंत एकच गोष्ट सांगत राहिले, "चार महिन्याचं तर काम हाय गा. झालं का वापस ये." मी हो म्हणालो. तुम्ही भावंडं मागे घरी राहिलात, तुम्हाला वाटलं मी ते विसरलो. उलट, इथे शहरात, प्रताप नगरच्या भाड्याच्या खोलीत मी वर्षानुवर्षं चार महिन्यांच्या पाहुण्यासारखा राहिलो. जेवण खानावळीत, कपडे दोरीवर. सुताराच्या खोलीत बसायला साधा पाट नाही म्हणून लोक हसायचे. मी म्हणायचो, घर सावनेरला आहे.

सत्तर सालाच्या आसपास रामटेकच्या रस्त्याला एका सिनेमाचा सेट लागला. गोष्ट फाळणीची. आम्हा सुतार-रंगाऱ्यांना सिंधमधलं एक घर उभं करायचं होतं, आणि सिंध तर आमच्यातल्या कुणाच्या बापानेही पाहिलेला नव्हता. म्हणून मुकादमाने जरीपटक्याच्या सिंधी वस्तीतून एक म्हातारे निर्वासित गृहस्थ आणले. त्यांच्या वस्तीत वडीलधाऱ्यांना दादा म्हणतात, आम्हीही म्हणू लागलो. झोपाळा कुठे, माठ कुठे, चूल कोणत्या कोपऱ्यात, दादा सांगायचे आणि आम्ही ठोकायचो. कामात थट्टामस्करीही चालायची.

शेवटचं दृश्य होतं, माणसं घर सोडून गेली आहेत. आम्ही अगदी मन लावून नासधूस केली. भांडी पालथी, पेट्या उघड्या, पीठ सांडलेलं. दादा दारातच थबकले.

"हे कोणाचं घर हाय?"

"तुमचंच, दादा," रंगारी म्हणाला.

"काहून? आमच्या घरी चोर आले होते का? आम्ही तर संध्याकाळी वापस येणार होतो."

दादांनी पीठ झाडून काढलं, अंथरुणाची घडी केली, भांडी पालथी होती ती सुलटी लावली. मग कोमट दूध आणि जरासं विरजण मागितलं, पातेल्यात लावलं आणि चुलीच्या कोपऱ्यात ताटली झाकून ठेवलं. "निघता निघता अम्मानं विरजण लावलं होतं. रातच्या जेवणाले दही पाहिजे म्हणून." अम्मा म्हणजे त्यांची बायको. थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "तेव्हापासून तिनं घरी दही लावलं नाही. बाजारातून आणतो. त्या दिवशीचं लागलं का नाही, तिले आजवर माहीत नाही."

पळून जाणं म्हणजे आरडाओरडा, मोडतोड, असंच मी धरून चाललो होतो. ती झाकलेली, आवरलेली खोली मी दारातूनच बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शूटिंगची तयारी चालू होती, तेवढ्यात दादांचा घरी राहिलेला डबा घेऊन अम्माच सेटवर आल्या. "तिले आत जाऊ देऊ नका!" दादा ओरडले, पण त्या उंबरा ओलांडून गेल्या होत्या. सरळ चुलीच्या कोपऱ्यात गेल्या आणि पातेल्यावरची ताटली उचलली. किती वेळ बघत राहिल्या.

"लागलं," त्या म्हणाल्या.

आणि पळी मागून वाढायलाच बसल्या! कॅमेरावाले हातवारे करत धावले, "अम्मा, शॉट बाकी है!" त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. सर्वांत आधी दादांनी ओंजळ पुढे केली. एवढा कडक माणूस, हमसून हमसून रडत होता. मग आम्हीही रांगेने खाली बसलो.

तळाशी उरलेलं दही त्यांनी वाटीत घालून माझ्या हातात दिलं. "घरी विरजण लाव, बेटा."

"अम्मा, माझं घर सावनेरले हाय."

त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "मग इथं कोण राहून राहिलं?"

आपण इतकी वर्षं कुठेच राहिलो नाही, हे तिथे उभ्या उभ्या कळलं आणि मी हादरलो. परतताना पातेलं विकत घेतलं, दूध घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा उद्यासाठी खोलीत काहीतरी ठेवलं.

तुम्ही विचारता, घरी कधी येतो. सणावाराला येतोच. पण सावनेरहून इकडे परत निघताना आता तोंडातून निघून जातं, "चला, घरी जातो." आणि चुलीपुढे बसलेल्या आईचा हात भाकरीवरच थांबतो.