चंद्राच्या मातीतले टोमॅटो

मुलाच्या गावाहून, शुगर लँडहून निघालो तेव्हा सकाळचे सात वाजत आले होते आणि गाडीच्या काचांना बाहेरून घाम फुटला होता. ऑक्टोबर लागला तरी ह्यूस्टनच्या आसपासची हवा ओल्या टॉवेलसारखी अंगाला चिकटते. मुलाने, निखिलने, गाडीतला एसी एवढा लावला होता की मी साताऱ्याहून आणलेली शाल इथे उकाड्यात पांघरत होते. मागच्या सीटवर माझ्या शेजारी धपाट्यांचा डबा, चिवडा आणि पाण्याच्या बाटल्या. पुढे निखिलच्या शेजारी त्याचे वडील, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावून, मुलगी बघायला निघाल्यासारखे ताठ.

नवऱ्याचं नाव घ्यायची मला सवय नाही. पण सारखं 'हे' 'हे' लिहीत बसले तर वाचणाऱ्याला थांग लागायचा नाही. म्हणून इथे दिनकरराव म्हणते. दिनकरराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. मातीची धरणं बांधण्यात त्यांचा जन्म गेला. पण त्याआधी, आमच्या लग्नाच्याही आधी, ते ओक्लाहोमातल्या एका विद्यापीठात एम.एस. करत होते. माणसं चंद्रावर जाऊन येत होती तो काळ. तिथल्या प्रयोगशाळेत त्यांच्याबरोबर काम करणारा वॉल्ट नावाचा मित्र होता, एवढंच मला ठाऊक. गेल्या वर्षी दिनकररावांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि शुद्धीवर आल्यावर ते म्हणाले, "वॉल्टला एकदा भेटायला हवं होतं." बायकोपोरांच्या आधी वॉल्ट! मी तेव्हा रुसायचंही विसरले.

निखिलने इंटरनेटवर वॉल्टचा पत्ता शोधला. ओक्लाहोमातल्या एका छोट्या गावात त्याचं ट्रॅक्टरच्या टायरांचं दुकान होतं. फोन नंबरही मिळाला, पण दिनकरराव फोन करेनात.

"बाबा, इथे असं न कळवता कोणाच्या घरी जात नाहीत. आठ-नऊ तास ड्राइव्ह करून जायचं आणि तो म्हणाला, नाही भेटायचं, तर?"

"म्हणूनच फोन नको. फोन ठेवता येतो. दारात उभ्या राहिलेल्या माणसाला निदान पाणी तरी विचारतात."

"ते साताऱ्यात, यार!"

बापाला 'यार' म्हणणारा हा मुलगा तेलकंपनीत मोठा इंजिनिअर आहे, यावर माझा अजून विश्वास बसत नाही. शेवटी मुकाट्याने त्याने शुक्रवारची रजा टाकली.

टेक्सास संपता संपत नाही. डॅलस मागे पडेपर्यंत पुलांवर पूल, त्यांच्यावर आणखी पूल. पुढे मोकळं रान, गाईंचे कळप, उंच खांबांवर पेट्रोल पंपांच्या पाट्या. भूगोल शिकवण्यात माझी हयात गेली. 'विस्तीर्ण मैदानी प्रदेश' हे शब्द मी फळ्यावर किती वेळा लिहिले असतील, पण ते एवढं कंटाळवाणं असेल असं वाटलं नव्हतं. रस्त्याकडेच्या एका विसाव्यावर (इथे हायवेला झाडं, बाकं आणि स्वच्छ संडास असलेल्या थांब्याच्या जागा असतात) आम्ही धपाटे खायला बसलो.

तिथे दिनकरराव एकदम म्हणाले, "पिठाचा डबा मी का ठोकू देत नाही, विचारायचीस ना?"

हे सांगायला हवं. आमच्या घरी पिठाचे दोन डबे आहेत. चक्कीवरून दळण आणलं की बाकीचं जग डबा जमिनीवर ठोकून पीठ बसवतं आणि एकाच डब्यात सगळं मावतं. आमच्याकडे डबा ठोकायचा नाही. का, तर असंच. आदल्याच दिवशी सुनेच्या स्वयंपाकघरात मी कणकेची पिशवी डब्यात रिकामी करून माहेरच्या सवयीने डबा दोनदा ठोकला, तर हे बाहेरच्या खोलीतून ओरडले, "ठोकू नकोस!" सून बिचारी दचकली. मी या प्रकाराला सासरच्या विक्षिप्तपणात जमा करून टाकलं होतं.

"ते वॉल्टमुळे," दिनकरराव म्हणाले, आणि बाकावर बसून त्यांनी सगळं सांगितलं.

चंद्रावर चालवायच्या गाडीसाठी चाक हवं होतं. वॉल्ट मेकॅनिकलचा, चाक त्याचं. इलेक्ट्रिकलचा एक अबोल ग्रीक मुलगा मोटर आणि मोजमापं सांभाळायचा. सिव्हिलचे दिनकरराव माती करायचे. म्हणजे खरोखरच करायचे: काळा कातळ आणून, दळून, चंद्रावरच्या मातीसारखी पूड. "वास थेट आपल्या अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचा," ते म्हणाले. ही पूड एका लांबलचक लाकडी पेटीत भरायची आणि तिच्यावरून चाक चालवायचं. चंद्रावर कुठे किती भुसभुशीत असेल कोण सांगणार, म्हणून माती होईल तितकी सैल ठेवायची. दिनकररावांनी त्यासाठी घरची युक्ती काढली. मोठ्या चाळणीतून पूड हलक्या हाताने पेटीत चाळायची. दिवसभर चाळायचं आणि चाक मिनिटभर चालायचं. मग सगळी माती उपसून पुन्हा चाळण. रोज सकाळी वॉल्ट दारातून विचारायचा, "आज माती काय म्हणतेय, डिन?" आणि हे म्हणायचे, "सैल आहे."

मग एक दिवस प्रयोगाला पैसे देणारे पाहुणे आले. मातीचा पृष्ठभाग थोडा वरखाली दिसत होता. दिनकररावांनी लाकडी मोगरी घेतली आणि पेटीच्या कडा बाहेरून ठोकत गेले. लहानपणापासून दळण आलं की डबा ठोकायचं काम यांचंच. हात आपोआप चालला. माती आरशासारखी सपाट झाली. चाक असं धावलं की पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. वॉल्टने यांना उचलून गोल फिरवलं.

"संध्याकाळी पेटी झाकायला गेलो, तर सकाळी जिथवर भरली होती त्या आतल्या खुणेच्या बोटभर खाली माती. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी ती दाबून घट्ट केली होती गं! घट्ट जमिनीवर कुठलंही चाक धावेल."

"मग?"

"सकाळी प्रोफेसरांना सांगितलं. पुन्हा चाळून चाचणी घेतली. चाक आसापर्यंत रुतलं."

पैसे थांबले. मोहिमाही गुंडाळायला लागल्या होत्या. वॉल्ट पीएच.डी. अर्धवट टाकून बापाच्या दुकानात गेला. जाताना यांच्याशी एक शब्दही बोलला नाही. नववर्षाची कार्डं यांनी काही वर्षं पाठवली, उत्तर नाही.

"खरं सांगितलं ते चूक नव्हतंच," दिनकरराव म्हणाले. "पण आधी त्याला सांगायला हवं होतं. मी थेट वर गेलो."

निखिल धपाटा हातात धरून बापाकडे बघत होता. "चला," तो म्हणाला, "उशीर नको करायला." त्यानंतर त्याने फोनचं नाव काढलं नाही.

रेड नदी ओलांडली आणि माती बदलली. लाल, अगदी कोकणातल्या जांभ्यासारखी लाल, पण झाडी नाही. वाटेत विद्यापीठाचं गाव लागलं. प्रयोगशाळेच्या इमारतीत आता विद्यार्थ्यांची व्यायामशाळा आहे. मातीची पेटी होती तिथे भिंतीवर चढायचा खेळ मांडलाय. दोरीला बांधलेली मुलं खोटे दगड धरून वर जात होती. काउंटरवरच्या मुलीने हसून विचारलं, "तुम्हाला चढायचंय का, सर?"

"नाही," दिनकरराव म्हणाले. "मी इथे माती चाळायचो."

"ओ, कूल!" ती म्हणाली. इथली माणसं कशालाही कूल म्हणतात, हे फार बरं आहे.

वॉल्टच्या गावात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. एक पाण्याची टाकी, एक चर्च आणि धान्याची उंच कोठारं. दुकानासमोर माझ्याहून उंच टायर रांगेने उभे होते आणि शेजारीच घर. निखिल म्हणाला, "मी आधी जाऊन विचारतो." पण दिनकरराव गाडीतून उतरलेसुद्धा. मी मागोमाग गेले.

दार उघडलं एका उंच, वाकलेल्या म्हाताऱ्याने. डोक्यावर टोपी, हातात काठी. त्याने आधी मला पाहिलं, माझी साडी पाहिली, मग दिनकररावांना. यांनी वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं बहुतेक रेड नदीत वाहून गेली होती.

मग तो म्हातारा काठीवर रेलला आणि म्हणाला, "आज माती काय म्हणतेय, डिन?"

दिनकररावांना 'सैल आहे' म्हणता आलं नाही. ते रडायला लागले. मी त्यांना सासूबाई गेल्या तेव्हा रडताना पाहिलं होतं, त्यानंतर आजच. वॉल्टने काठी भिंतीला टेकवली आणि त्यांचे खांदे धरले.

पाणी तर मिळालंच, वर कॉफी, आणि पाठोपाठ तो आम्हाला परसात घेऊन गेला. लाल मातीच्या त्या मुलखात त्याच्या भाजीच्या वाफ्यातली माती काळी होती. मी भूगोलाची बाई. पटकन वाकून चिमूट उचलली.

"तुमच्या नवऱ्याची आहे ती," वॉल्ट म्हणाला. "लॅब रिकामी करताना पोती फेकून देणार होते. मी पिकअपमध्ये घालून आणली. रागाने आणली होती, खरं तर. काय करायचं ठाऊक नव्हतं. बरीच वर्षं शेडमध्ये पडून होती. मग बायकोने थोडी थोडी वाफ्यात मिसळली, आणि टोमॅटो असे आले की गावातली माणसं बघायला यायची. ती गेली, पण वाफा मी चालू ठेवला."

चंद्राच्या मातीत टोमॅटो लटकले होते. थंडी तोंडावर आल्यामुळे बरेचसे हिरवेच.

दिनकररावांनी आता धीर केला. "वॉल्ट, मी आधी तुझ्याकडे यायला हवं होतं. पेटी मी ठोकली हे तुला—"

"मला माहीत होतं."

दिनकरराव वाफ्याच्या कडेवर खाली बसले.

"तू ठोकत होतास तेव्हा मी मागेच उभा होतो. माती खाली बसताना डोळ्यांनी दिसली मला. पण चाक माझं होतं ना! गप्प बसलो. म्हटलं, पाहुणे जाऊ देत, उद्या सांगू." तो वाफ्याकडे बघत बोलत होता. "उद्या तू सांगितलंस. मी सांगितलं असतं की नाही, मला अजून कळलेलं नाही. तुझ्यावर राग नव्हता, डिन. तुझी कार्डं आली की मला माझंच तोंड दिसायचं."

म्हणजे दोघांचीही अळीमिळी गुपचिळी! एक साताऱ्यात डबे ठोकू देत नव्हता आणि दुसरा ओक्लाहोमात कार्डांना उत्तर देत नव्हता. माझ्या वर्गात असले दोन शहाणे असते तर मी दोघांना एकाच बाकावर बसवलं असतं. मी पदरात हिरवे टोमॅटो तोडून घेतले आणि विचारलं, "शेंगदाणे आहेत का घरात?"

शेंगदाणे होते, तिथे ते पिकतातच. मिरचीही होती. वॉल्टच्या स्वयंपाकघरात मी हिरव्या टोमॅटोची चटणी केली, उरलेल्या धपाट्यांबरोबर वाढली. वॉल्टने त्याच टोमॅटोच्या चकत्या मक्याच्या पिठात घोळवून तळल्या. जेवताना तो सांगत होता, शेतकरी टायर घ्यायला आले की तो आधी विचारतो, तुमची माती सैल असते की घट्ट? पक्क्या रस्त्यावर चालवून दाखवलेल्या टायरवर विश्वास ठेवू नका म्हणतो. "धंदा यावरच चालला माझा," तो म्हणाला, आणि चटणी तिसऱ्यांदा घेतली. त्या दिवसांत मंगळावर दोन छोट्या गाड्या फिरत होत्या. त्यांच्या चाकांवर दोघे म्हातारे इतका वेळ बोलले की निखिल खुर्चीतच झोपला.

दुसऱ्या दिवशी निघताना वॉल्टने टोमॅटोचं खोकं गाडीत ठेवलं. मिठी मारली नाही; बॉनेटवर दोन थापा मारल्या. दिनकररावांनी परतीच्या वाटेवर शर्टाची वरची गुंडी सोडली होती. डॅलस कधी आलं आणि गेलं, त्यांना कळलंही नाही.

महिन्याभराने आम्ही साताऱ्याला परतलो. घर उघडलं, जाळी झटकली, अजिंक्यतारा जागेवर होता. इतका प्रवास करून मी काय पाहिलं, असं शेजारणी विचारतात. ते उंच पूल आणि विस्तीर्ण मैदानं मी सांगते, पण मला खरं दिसलं ते माझ्याच घरातलं. ज्या माणसाबरोबर एवढा संसार केला, त्याच्या एका सवयीमागे काय होतं ते समजायला मला ओक्लाहोमापर्यंत जावं लागलं.

त्या आठवड्यात दळण आणलं. मी दोन्ही डबे पुसून ओट्यावर ठेवले आणि कढईकडे वळले. मागून आवाज आला. वळून पाहिलं तर दिनकरराव जमिनीवर मांडी घालून बसले होते. एकाच डब्यात सगळं पीठ ओतलं होतं, आणि डबा दोन्ही हातांनी धरून ते तो ठोकत होते. पीठ खाली बसत होतं.

"बघ," ते म्हणाले, "मावलं सगळं."