म्हाताऱ्या गुरूला सगळं ठाऊक असतं

तुमच्या शरीरात काय बिघडलंय हे तुमच्या आत्याला, तिच्या जावेला आणि पाथरीच्या जीपवाल्याला तुमच्या आधी कळलं, तर तुम्ही त्याला माया म्हणाल का?

आमच्या घरात त्याला मायाच म्हणाले.

नांदेडच्या दवाखान्यात अण्णा, आई आणि आत्या सोबत असताना डॉक्टर मॅडमनी माझ्या बायोप्सीचा रिपोर्ट उघडला. बायोप्सी म्हणजे गाठीचा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं. तुकडा माझ्या मानेतला होता, टाकेही माझ्याच मानेवर होते. मॅडमनी एकदा माझ्याकडे बघितलं, मग अण्णांकडे, आणि म्हणाल्या, "पेशंटला जरा वजन करायला पाठवता का?"

वजन आत्ताच झालं होतं. तरी मी उठले, कारण अण्णांनी मान हलवली. अण्णा म्हणजे माझे वडील. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आणि शाळा सुटल्यावर पत्रकं लिहिणारे. आमच्या घरात धान्याच्या पोत्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. जयंतीची पत्रकं, अंधश्रद्धेवरची, हुंड्यावरची. मी अक्षरं त्यांवरच शिकले. "प्रश्न विचारा" हे मला "आई" लिहिता येण्याआधी वाचता येत होतं. माझं नावसुद्धा त्यांनी क्रांती ठेवलं. त्या दिवशी क्रांती निमूटपणे बाहेर गेली आणि वजनकाट्यावर उभी राहिली.

परत आले तेव्हा आई भिंतीकडे बघत होती. आत्यानं पदर तोंडाला लावला होता. अण्णा म्हणाले, "गाठीचा टीबी हाये. औषध सलाईनमधून द्यावं लागंल."

मी विश्वास ठेवला. अण्णा खोटं बोलत नाहीत, हे मी कधी तपासून बघितलेलंच नव्हतं.

ज्यांना हे पुढं भोगावं लागेल त्यांच्यासाठी लक्षणं सांगून ठेवते. मानेला, गळ्याच्या हाडाच्या वर, एक गाठ आली. दुखत नव्हती. संध्याकाळी कणकण यायची, झोपेत घामानं उशी भिजायची, अंगाला खाज सुटायची, ड्रेस ढिले व्हायला लागले. टीबीलाही यातलं बरंचसं होतं. म्हणून खोटं पचलं. दुखत नाही म्हणून गाठ अंगावर काढू नका.

मला वेगळी खोली घेतली होती. "जंतुसंसर्ग होईल," असं सांगितलं. खरं कारण हे होतं, की शेजारच्या खाटेवरच्या कुणी मला विचारू नये, "तुझा कुठला?"

लाल रंगाचं औषध शिरेतून गेलं. लघवी लाल झाली. दोन दिवस उलट्या, तोंडात लोखंडाची चव. मग केस गळायला लागले. कंगवा भरून. आत्या म्हणाली, "टीबीचं औषध लय गरम असतंय माय. उष्णतेनं जातात केस. येतेत परत."

आता पुस्तकांकडे येते, कारण मला माझा आजार डॉक्टरांनी सांगितला नाही, पुस्तकांनी सांगितला.

माझी मावसबहीण प्रज्ञा पुण्यात शिकते. तिनं पिशवी भरून कादंबऱ्या पाठवल्या. अलीकडच्या, तरुण मुलामुलींसाठीच्या. काही इंग्रजी, काही मराठीत आणलेल्या. जादूची राज्यं, ड्रॅगन, शापित राजकन्या. वेष्टनावर सोनेरी अक्षरं आणि आत पहिल्या पानावर नकाशा. फोनवर म्हणाली, "पत्रकं वाचून वाचून तुझं डोकं रुक्ष झालंय. जरा स्वप्नं बघ."

मी वाचलं. एवढ्या रागानं मी कधीच काही वाचलं नव्हतं.

पहिल्या कादंबरीतल्या मुलीच्या शिरांतून चांदी वाहते. तिला ताप आला की ती चमकते आणि राजपुत्र उशाशी बसून तिच्या पापण्यांचं वर्णन करतो. मला ताप आला की गाऊन पाठीला चिकटायचा आणि आई भांडं धरून उभी राहायची. साडेचारशे पानांत ती मुलगी एकदाही ओकत नाही. तिला बद्धकोष्ठ होत नाही. तिच्या राज्यात सगळे अनाथ आहेत, म्हणून तिथं काकू नाहीत, आत्या नाहीत, "पोरीच्या लग्नाचं कसं?" असं विचारणारं कुणीच नाही. लेखिकेनं ड्रॅगनची वंशावळ दिली होती, पण आजारी मुलीला एक साधा घाणेरडा दिवस देण्याची तिची हिंमत झाली नाही.

दुसरीत जादू नव्हती. शहरातला चकचकीत दवाखाना, एक आजारी मुलगी, एक देखणा मुलगा. ती मरते आणि तो शहाणा होतो. बस, एवढंच. तिचं मरण म्हणजे त्याच्या शहाणपणाला घातलेलं खत. शेवटच्या पानावर तो समुद्राकडे बघून हसतो. मी ते पुस्तक भिंतीवर फेकलं. सिस्टर धावत आल्या. म्हणाल्या, "सलाईन निघंल ना, काय करायलीस?"

आणि मग तिसरं. मराठीत आणलेलं, भाषांतर ओबडधोबड. डोंगरावरचा किल्ला, तिथं ड्रॅगनवर बसायला शिकणारी मुलं. नायिकेच्या रक्तात ड्रॅगनचं विष उतरलंय. हे किल्ल्यातल्या म्हाताऱ्या गुरूला ठाऊक आहे. तो ते स्वयंपाक्याला सांगतो, दरवानाला सांगतो, तिच्या मैत्रिणींना सांगतो. फक्त तिला सांगत नाही. "तिचं हृदय कोवळं आहे," म्हणतो.

एरवी तिला शिव्या घालणारा स्वयंपाकी एका सकाळी तिच्या ताटात मध वाढतो. मुलगी खूश होते. दोन पानं खूश असते.

मी पुस्तकातून मान वर केली. समोर आत्या बसली होती. डाळिंब सोलत होती, दाणे वाटीत टाकत होती.

आता ही आत्या कोण, ते सांगायला हवं. देवगाव फाट्याजवळ तिचं घर. तिच्या मुलाच्या लग्नात मी मांडवाच्या दारात उभं राहून हुंड्याविरुद्धची पत्रकं वाटली होती. एक पत्रक नवरदेवाच्या हातात दिलं होतं. तेव्हापासून आत्यानं माझं तोंड बघायचं नाही असं ठरवलं होतं; बायोप्सी करायची म्हटल्यावर मात्र भावासाठी म्हणून नांदेडला आली होती. तीच आत्या आज माझ्यासाठी डाळिंब सोलत होती.

"आत्या," मी म्हणाले, "तुमी माझ्याशी भांडत का न्हाई?"

"आजारी माणसाशी काय भांडायचं बाई?"

"मागं मला टायफॉइड झाला तेव्हा तुमी फोनवर म्हणाला होता, बरं झालं, आता तरी तोंड बंद ठेवील."

"म्हणले असंल. रागाच्या भरात."

"मग आता राग कुठं गेला?"

तिचा हात थांबला. एक दाणा खाली पडून फरशीवर घरंगळला.

"आत्या, मला काय झालंय?"

"टीबी."

"कशाचा?"

"गाठीचा," ती म्हणाली आणि दाराकडे बघायला लागली.

मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली. पाथरीच्या जीपवाल्यानं एका जाडजूड माणसाला मागं कोंबून मला पुढची सीट दिली होती. शेजारच्या वहिनींनी माझ्या हातात हात ठेवून उगाच डोळे पुसले होते. कॉलेजातल्या ज्या सरांशी मी दर आठवड्याला वाद घालायचे, ते म्हणाले होते, "तुझं सगळं बरोबर असतं गं." अख्खा किल्ला माझ्या ताटात मध वाढत होता.

अण्णा औषधं घेऊन आले. मी फक्त म्हणाले, "कॅन्सर?"

त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली. चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरला.

"कुणी सांगितलं?"

"एका भिकार कादंबरीनं."

आई रडायला लागली. आत्या म्हणाली, "दादा, मी न्हाई बोलले काही, आईची आण."

मी अण्णांना विचारलं, "पत्रकात तुमीच लिहिता ना, जो ज्ञान दाबून ठेवतो तो सत्ता दाबून ठेवतो म्हणून? गावभर वाटलंत ते. मीच वाटलं तुमच्यासोबत."

अण्णांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "पत्रक जगासाठी लिहिता येतंय, क्रांती. लेकीला सांगायला बसलं की तोंडातून शब्द फुटत न्हाई."

मला त्यांची कीव आली नाही. येईल असं वाटलं होतं. आली नाही.

मी डॉक्टर मॅडमना खोलीत बोलावलं आणि म्हणाले, "आता मला सांगा. यांच्यासमोर, पण मला." त्यांनी सांगितलं, आणि सरळ सांगितलं. हॉजकिन लिम्फोमा. लसिका ग्रंथींचा कॅन्सर. शरीरभर ज्या लहान गाठी रोगाशी लढणाऱ्या पेशी सांभाळतात, त्यांतल्याच पेशी बेलगाम वाढतात. केमोथेरपी म्हणजे वाढत्या पेशी मारणारी औषधं. ती केसांच्या मुळांनाही मारतात, म्हणून केस जातात. "या आजारात तुमच्या वयाचे बहुतेक पेशंट बरे होतात," मॅडम म्हणाल्या. म्हणजे माझ्यापासून लपवलेल्या बातमीत चांगली बातमीही होती. तीही मला दिली नव्हती.

मग मी विचारलं, "अजून काही?"

मॅडमनी अण्णांकडे बघितलं. मी म्हणाले, "इकडं बघा."

त्या म्हणाल्या, "या औषधांनी पुढं मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो. धोका कमी आहे, पण आहे. सुरुवात करण्याआधी स्त्रीबीजं काढून गोठवून ठेवता येतात. त्यासाठी मोठ्या शहरात जावं लागलं असतं, उपचार थोडे पुढं गेले असते. मी तुमच्या घरच्यांना विचारलं होतं. ते नको म्हणाले."

"कोण म्हणालं?"

अण्णा आत्याकडे बघायला लागले. शेवटी आत्या म्हणाली, "लग्न न झालेल्या पोरीला तसलं कसं विचारायचं माय? लोक काय म्हणतील? आणि आधी जीव महत्त्वाचा न्हाई का?"

"मग तुमीच उत्तर दिलंत?"

"मी दिलं. दादांनी मान हलवली."

औषधं सुरू झाली होती. ती वेळ गेलेली होती.

मला मूल हवंय की नको, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही माहीत नाही. कदाचित मीही नकोच म्हणाले असते. कदाचित उपचार लगेच सुरू करणंच शहाणपणाचं होतं. मी भांडतेय ते वेगळ्या गोष्टीसाठी. ज्या खोलीत माझ्या पोटाबद्दल निर्णय झाला त्या खोलीत हुंडा घेणारी आत्या बसली होती, आणि मी बाहेर वजन करत होते.

त्या दिवसापासून मी वेगळी खोली सोडली. सगळ्यांच्या वॉर्डात गेले. तिथं जिंतूरकडच्या एक मावशी होत्या, स्तनाचा कॅन्सर. टक्कल उघडं ठेवून बसायच्या. मला बघून पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "ये गं टकले, तुझा कुठला?" मी सांगितलं. पहिल्यांदा माझ्या तोंडानं सांगितलं. त्या म्हणाल्या, "चांगलाय. माझ्यापरीस बरा हाय." आम्ही दोघी एवढ्या हसलो की मानेवरचा व्रण दुखला.

मध्ये पांढऱ्या पेशी कमी झाल्या, ताप चढला, उपचार थांबले. या काळात ताप आला तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा. मी तेव्हा घाबरले होते. पण माझी भीती माझ्या आजाराएवढी होती, जास्त नाही. नाव माहीत नसलेल्या भीतीला माप नसतं.

तिसरी कादंबरी मी पूर्ण केली. शेवटी मुलगी वाचते, गुरू मरतो, आणि ती त्याच्या चितेपाशी म्हणते, की तुम्ही मला प्रेमापोटीच अंधारात ठेवलंत. मी प्रज्ञाच्या पिशवीतली बाकीची पुस्तकंही वाचली. जवळपास प्रत्येकात एक म्हातारा आहे, त्याला सगळं ठाऊक आहे, तो सांगत नाही, आणि शेवटच्या प्रकरणात त्याला माफी मिळते. मुलीला नुसती तलवार देतात. लिहिणाऱ्यांनो, तुम्ही ड्रॅगन उडवता, डोंगर हलवता, आणि तुमच्या कल्पनेला एक म्हातारा खरं बोलताना दिसत नाही?

उपचार संपले. पेट स्कॅन झाला. अंगात कुठं आजार शिल्लक असेल तर तो ठिपक्यासारखा उजळून दाखवणारी ही तपासणी. ठिपका नव्हता. मॅडमनी निकाल आधी मला सांगितला, मग अण्णांना आत बोलावलं. त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. लाल औषधाची ऋणी आहे, आईच्या भांडं धरलेल्या हातांची आहे, जिंतूरच्या मावशींची आहे. त्या आता नाहीत. आणि त्या भिकार भाषांतराचीही आहे.

घरी आल्यावर अण्णांनी नवं पत्रक लिहिलं. "रुग्णाचा जाणण्याचा हक्क." भाषा नेहमीसारखी धारदार. छापण्याआधी मला दाखवलं. मी म्हणाले, "यात तुमी काय केलंत ते लिहा."

"ते घरातलं हाये, क्रांती."

"मग छापू नका."

त्यांनी छापलं नाही. पत्रकाच्या मसुद्यावर कोरा कागद ठेवून ते शाळेत गेले. संध्याकाळी आल्यावर जेवले, ताट धुतलं, माझ्याशी बोलले नाहीत. मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. आम्ही एका घरात राहतो, एका पंक्तीला जेवतो. त्यांना पत्रकात घरातलं लिहिता आलं नाही, म्हणून हे मी लिहिलं.

आता तुम्ही. तुमच्या घरातही एखादी आजारी असेल, आणि तिच्या वतीनं तुम्ही डॉक्टरांना कधीतरी एखादं उत्तर दिलेलं असेल. तिला त्रास नको म्हणून, लाज नको म्हणून, वेळ नव्हता म्हणून. हे वाचून झालं की उठा, तिच्याजवळ जाऊन बसा, आणि डॉक्टरांनी तुम्हाला विचारलेला तो प्रश्न जसाच्या तसा तिला विचारा. ती रडेल, चिडेल, कदाचित तुमचंच उत्तर देईल. ती बोलून होईपर्यंत तिथून उठू नका.